नळीतील वसाहत : जिवाणूपटल आणि निष्प्रभ ठरणारी प्रतिजैविके

पाण्याचा माठ चार-आठ दिवस घासला नाही, तर आतून हात फिरविताच बुळबुळीत थर बोटांना लागतो. पाणी खळबळून ओतल्याने तो जात नाही. काथ्या घेऊन घासावेच लागते. रुग्णालयजन्य संसर्गांत प्रतिजैविके निष्प्रभ ठरताना दिसतात, त्यामागील एक मोठे कारण असाच थर होय. सूक्ष्मजीवशास्त्रात त्यास 'बायोफिल्म' म्हणतात. प्रस्तुत लेखात 'जिवाणूपटल' हा शब्द योजला आहे.

आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखादा वृद्ध रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. पौरुषग्रंथीच्या वृद्धीमुळे मूत्रावरोध झाला, सेवाग्राम वा सावंगी येथे नेऊन लघवीची नळी घातली, आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत नळीसह घरी आणले. पंधरा-वीस दिवसांत मूत्र गढूळ होते, दुर्गंधी येते. घरची माणसे गावातील वैद्याकडे येतात. पाच दिवस प्रतिजैविक दिले जाते, मूत्र स्वच्छ होते, आठवड्याने पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी अधिक तीव्र औषध. तिसऱ्या वेळी मूत्रपरीक्षणाचा अहवाल सांगतो की जिवाणू या औषधास संवेदनशील आहे, आणि तरीही गुण येत नाही. अहवाल खोटा नसतो. तो निराळ्याच अवस्थेतील जिवाणूंविषयी बोलत असतो.

प्रयोगशाळेत औषधाची परीक्षा होते ती सुट्या, वेगाने वाढणाऱ्या जिवाणूंवर. शरीरात घातलेल्या नळीवर मात्र ते सुटे राहत नाहीत. नळी आत जाताच काही मिनिटांत तिच्यावर शरीरातील प्रथिनांचे लेपन होते व त्यावर जिवाणू चिकटतात. मग ते स्वतःभोवती शर्करामय द्रव्ये, प्रथिने आणि मृत पेशींतून सुटलेली जनुकद्रव्ये यांचा चिकट गर स्रवतात. त्या गरात पाणी व पोषण वाहून नेणारे सूक्ष्म मार्गही असतात. संख्या पुरेशी वाढली की रासायनिक संकेतांद्वारे समूहाचे वर्तन बदलते. दातांवरील कीटातील जीव लेव्हेनहूक यांनी सतराव्या शतकातच पाहिले होते. परंतु पुढे जिवाणूंचा अभ्यास मुख्यत्वे शुद्ध संवर्धनात झाल्याने ही सामूहिक राहणी दुर्लक्षित राहिली. १९७८ पासून कॉस्टरटन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनामुळे ती विचाराच्या केंद्रस्थानी आली.

या वसाहतीपुढे औषध का हरते? गर काही औषधांचा प्रवेश मंदावतो. परंतु तेवढेच कारण नव्हे, अनेक औषधे आत पोचतातही. अधिक महत्त्वाचे असे की खोलवरच्या जिवाणूंना प्राणवायू व अन्न अल्प मिळते, त्यांची वाढ जवळजवळ थांबलेली असते; आणि आपली बहुतेक प्रतिजैविके वाढीच्या क्रियेवरच आघात करतात. जो भिंत बांधीतच नाही त्याची भिंत पेनिसिलिन कशी मोडणार? शिवाय काही मोजक्या पेशी पूर्ण सुप्तावस्थेत जातात. पेनिसिलिनच्या माऱ्यातून अशा पेशी वाचतात हे जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच नोंदविले होते. औषध थांबताच त्यांच्यापासून वसाहत पुन्हा उभी राहते. पटलातील जिवाणूंना मारण्यास सुट्यांच्या तुलनेत शेकडो, क्वचित हजारपट मात्रा लागू शकते. ती रुग्णास देता येत नाही.

ही सहनशीलता आहे, जनुकीय प्रतिरोध नव्हे. मात्र दाटीवाटीत राहणारे जिवाणू प्रतिरोधाची जनुके परस्परांस सहज देतात आणि अपुऱ्या मात्रेचा वारंवार मारा त्यातील प्रतिरोधी जिवाणूंस निवडून वाढवितो. म्हणून आपल्या तीन चिठ्ठ्यांचा परिणाम त्या एका रुग्णापुरता राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या प्रतिरोध-निरीक्षण जाळ्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचाही सहभाग आहे. त्या जाळ्याच्या अहवालांनुसार ई. कोलाय या जिवाणूची इमिपेनेम या राखीव औषधास असलेली संवेदनशीलता २०१६ मध्ये ८६ टक्के होती, ती २०२१ मध्ये ६४ टक्क्यांवर आली.

नळी असलेल्या रुग्णांत दररोज साधारण ३ ते ७ टक्के या गतीने मूत्रात जिवाणू येऊ लागतात. महिन्याभरात ते जवळजवळ सर्वांत सापडतात. तेव्हा नुसते गढूळ वा दुर्गंधी मूत्र हे प्रतिजैविकाचे लक्षण मानू नये. ज्वर, शीतकंप, कटिशूल, नव्याने आलेला बुद्धिभ्रम ही लक्षणे असतील तर मात्र विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. नळी दोन आठवड्यांहून जुनी व अद्याप आवश्यक असेल, तर ती बदलून नव्या नळीतून परीक्षणासाठी मूत्र घ्यावे. जुन्या नळीतील मूत्र नळीचीच कथा सांगते. आणि नळीची गरज उरली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा. प्रोटियस जिवाणू असल्यास मूत्र क्षारधर्मी होऊन नळीतच खडे जमतात व ती तुंबते. अशा नळीवर औषधाचा उपाय नाही.

सुश्रुतांच्या वाचकास यात अपरिचित असे फारसे नाही. शल्य आत असेतो पीडा शमत नाही, ते काढणे हाच उपचार, हा शल्यतंत्राचा पायाच आहे. व्रणाच्या साठ उपक्रमांत लेखनास स्थान आहे, आणि त्यासाठी क्षौम वस्त्र, समुद्रफेन, यवक्षार, सैंधव, खरखरीत पाने अशी साधने सांगितली आहेत. २००८ च्या एका अभ्यासात जीर्ण व्रणांपैकी ६० टक्क्यांत जिवाणूपटल आढळले, नवीन व्रणांत केवळ ६ टक्क्यांत. खरवडून काढल्यावर एक-दोन दिवस उरलेले जिवाणू औषधास अधिक वश असतात, असेही आढळले आहे. मधुमेही पादव्रणाचे शोधन एकदाच करून महिनाभर केवळ मलमपट्टी करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. मात्र सुश्रुतांस जिवाणूपटल ज्ञात होते, असा दावा आपण करू नये. निरीक्षण त्यांचे होते, सूक्ष्मदर्शक नव्हता. लसणातील एक द्रव्य जिवाणूंचे संकेत अडविते, मधही प्रयोगपात्रात पटल क्षीण करतो. पण प्रयोगपात्र म्हणजे रुग्ण नव्हे. तेवढ्यावरून नळीच्या संसर्गात लशुनकल्पावर विसंबणे धोक्याचे ठरेल.

आपल्या घरातही पाहावे. उत्तरबस्तीचे नेत्र पोकळ असते. वरवर धुऊन उकळले तरी आतला स्नेहयुक्त थर राहिल्यास निर्जंतुकीकरण अपुरे ठरते, म्हणून आधी बारीक कुंचल्याने आतून घासावे, मग वाफेच्या दाबयंत्रात ठेवावे. जळवेच्या आतड्यात एरोमोनास हा जिवाणू स्वभावतःच वसतो. एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास लावू नये, आणि दंशस्थानी लाली व पूय दिसल्यास रुग्णास त्याच दिवशी तपासून घ्यावे.