तेल टर्बोतून, दुखणं भलतीकडेच

सायलेन्सरमधून निळसर धूर, मंदावलेला पिकअप आणि डिपस्टिकवर भराभर खाली उतरणारं ऑइल. डिझेल गाडीत अशी लक्षणं दिसली, की गॅरेजमध्ये निकाल ठरलेला: ‘टर्बो गेला, नवा टाकावा लागेल.’ पण मूळ दुखणं तसंच राहिलं, तर नवा टर्बोही तेल ओकू लागतो. कारण त्याच्या रचनेत आहे.

टर्बोच्या एका बाजूला एक्झॉस्टच्या तप्त वायूंनी फिरणारं टर्बाइन असतं, दुसऱ्या बाजूला इंजिनात हवा कोंबणारा कॉम्प्रेसर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५मध्ये या तत्त्वाचं पेटंट घेतलं. दोन्ही चाकं ज्या बारीक शाफ्टवर बसतात, तो छोट्या गाडीत मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो. बहुतेक टर्बोंत त्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा.

एवढ्या वेगात आणि उष्णतेत रबरी सील टिकत नाही. म्हणून दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. पण तेल नुसत्या रिंगांनी अडत नाही. चाकांकडचा वायूचा दाब त्याला आत ठेवतो आणि वापरलेलं तेल जाड ड्रेन पाइपमधून आपल्या वजनानेच इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं. मोरी तुंबली की पाणी घरात शिरतं, तसं ड्रेन कार्बनने चोंदला की तेल रिंगांवरून बाहेर पडतं. इंजिनातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबून चेंबरमध्ये दाब वाढला, तरी तेच. एअर फिल्टर चोक झाला, तर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ निर्माण होऊन तेल तिकडे खेचलं जातं.

म्हणून तपासणीला क्रम हवा. आधी टर्बो बाहेरून स्वच्छ पुसून गळती नेमकी कुठून सुरू होते ते पाहावं. कधी कधी ऑइल पाइपच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर बदलूनच काम भागतं. टर्बोतली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजमध्ये तेलकट ओल असणं स्वाभाविक आहे, साचलेलं तेल मात्र नाही. मग फिल्टर, ब्रीदर आणि ड्रेन पाहावेत. शेवटी थंड इंजिनावर कॉम्प्रेसरच्या तोंडाचा होज काढून शाफ्ट बोटांनी हलवावा. बाजूला किंचित हलला तर चालतं. पण तो आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो खरोखरच गेला.

तो बदलताना दोन्ही ऑइल पाइप साफ करावेत किंवा नवे घ्यावेत. त्यांच्या पॅकिंगला सिलिकॉन लावू नये. त्याचे तुकडे सुटून तेलाची वाट अडवतात. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा, सुरू करण्याआधी टर्बोत ताजं तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा. इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल काढणं तर अत्यावश्यक, कारण डिझेल इंजिन ते ओढून चावी बंद केल्यावरही बेफाम धावू शकतं.

नव्या टर्बोचं एस्टिमेट हाती पडलं, की मेकॅनिकला आधी एवढंच विचारा: ड्रेन पाइप आणि ब्रीदर उघडून पाहिलेत का?