पाण्याखालील सांधा : एका विशेषणाची उकल

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग बसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी भेगांतून व झिजलेल्या थरांतून मिळते. ते खोल गेले म्हणजे विंधण विहिरीत पाणबुडी पंप सोडणे भाग पडते. पंपाबरोबर केबलही उतरते. मोटारीची आखूड केबल आणि वरून येणारी लांब केबल यांचा जोड सतत पाण्यात राहतो. वायरमन त्यास ‘जॉइंट’ म्हणतो. मराठीचा जुना शब्द ‘सांधा’ होय. पारिभाषिक मराठी त्यास ‘जलरोधक’ हे विशेषण लावते.

हे विशेषण रचनेने निर्दोष आहे. परंतु त्यावरून पाणी अडविणे हेच या सांध्याचे एकमेव कार्य असावे, असा समज होतो. वस्तुतः कार्ये तीन आहेत. पहिले, तांब्याच्या तारांचा घट्ट संयोग. तो सैल राहिल्यास तेथे रोध वाढतो, उष्णता निर्माण होते आणि वरचे वेष्टन आतूनच भाजते. दुसरे, प्रत्येक तारेचे स्वतंत्र विद्युत्-निरोधन. तिसरे, पाण्यास मज्जाव. शुद्ध पाणी विजेचे दुर्वाहक असले तरी भूजलात क्षार विरघळलेले असतात. म्हणून केसाएवढ्या फटीतूनही प्रवाह गळू लागतो. शिवाय आत शिरलेले पाणी तेथेच थांबत नाही. केशाकर्षणाने ते तारांच्या पिळातून पुढे सरकते.

सांधा करण्याची रीत या तीन कार्यांस अनुसरूनच ठरलेली आहे. प्रथम वीज मुख्य स्विचपासून तोडावी. तिन्ही तारांचे सांधे एकाच उंचीवर न येता खालीवर येतील, अशा बेताने त्या कापाव्यात. तांबे घासून स्वच्छ करावे आणि तांब्याच्या नळीत दाबून किंवा डाख देऊन जोडावे. लगतचे वेष्टन तेलकट राहू देऊ नये. त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप ताणून, प्रत्येक वेढा मागील वेढ्यावर अर्धा चढेल अशी गुंडाळावी व मूळ वेष्टनावर दोन्ही बाजूंस पुरेशी पुढे न्यावी. सर्वांवर चिकट पीव्हीसी टेप येते. तिचे काम घर्षणापासून रक्षण करण्याचे आहे.

येथेच भाषेची अडचण उद्भवते. रबरी व पीव्हीसी या दोन्ही वस्तूंस व्यवहारात ‘टेप’ हा एकच शब्द आहे. ‘सांध्यास टेप लावावी’ एवढ्याच सूचनेवर नुसती चिकट टेप लावणाराही आज्ञापालनच करीत असतो; पण तिचा गोंद पाण्यात काही काळाने सुटतो. शेतीला वीज आळीपाळीने, पुष्कळदा रात्री मिळते. अशा वेळी सांधा फुटला तर ती पाळी वाया जाते, पाइपांसह पंप वर काढावा लागतो, आणि ओल्या जमिनीवर अंधारात स्टार्टर हाताळणाऱ्या माणसाच्या जिवासही धोका संभवतो.

परीक्षेचा उपाय सोपा आहे. सांधा काही तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने तार व पाणी यांमधील निरोधन मोजावे. कोरडेपणीच्या मापापेक्षा ते पुष्कळ उतरले, तर पाणी आत शिरले असे समजावे व सांधा पुन्हा करावा. पंप उतरविताना केबल पाइपास ठिकठिकाणी बांधावी; पंपाचा भार तिच्यावर पडू देऊ नये.

हेच तत्त्व धातुशोधक यंत्रासही लागू पडते. त्याच्या वेटोळ्याच्या जोडणीत ओल शिरली की, जमिनीत धातू नसतानाही यंत्र वाजू लागते. तेथे खोटा इशारा मिळतो, येथे मोटार जळते. कारण मात्र एकच.

तेव्हा सूचनापत्रकात ‘जलरोधक सांधा करावा’ असे एक वाक्य लिहून भागणार नाही. ‘जोडावे’, ‘निरोधावे’, ‘झाकावे’ आणि ‘तपासावे’ अशी चार क्रियापदे त्यात स्वतंत्रपणे यावयास हवीत, आणि दोन्ही टेपांची नावे वेगळी हवीत. विशेषणाने गुण सांगितला जातो. तो गुण साधावयाचा कसा, हे क्रियापदांनीच सांगावे लागते.