लोकप्रतिनिधींचे विशेषाधिकार आणि फौजदारी दायित्व : ठाणे-कल्याण परिसरातील घटनांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दिनांक २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगर येथील हिललाईन पोलिस ठाण्यात गोळीबार झाला. कल्याण पूर्व मतदारसंघाचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात शिवसेनेचे (शिंदे गट) कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप असून या प्रकरणी त्यांना तत्काळ अटक करण्यात आली. या घटनेनंतर वर्गात विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला : "आमदाराला अटक करता येते का? त्यासाठी विधानसभा अध्यक्षांची परवानगी लागत नाही का?" राज्यशास्त्राचा विद्यार्थी हा प्रश्न विचारतो, तेव्हा त्यामागे समाजात रुजलेला एक दृढ समज असतो. तो असा की, निवडून आलेली व्यक्ती कायद्याच्या कक्षेबाहेर जाते.

हा समज कायद्याच्या दृष्टीने कितपत खरा आहे, तो निर्माण का होतो आणि लोकप्रतिनिधींना फौजदारी अभियोगापासून संरक्षण असावे काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. येथे उल्लेखिलेल्या प्रकरणांतील आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. लेखाचा हेतू त्या प्रकरणांतून कायद्याचे स्वरूप स्पष्ट करणे एवढाच आहे.

विशेषाधिकाराचा उगम

विशेषाधिकाराची कल्पना इंग्लंडमधील राजा आणि संसद यांच्या संघर्षातून जन्मास आली. सभागृहातील वर्तनाबद्दल १६२९ मध्ये सर जॉन इलियट यांना राजाच्या आज्ञेने तुरुंगात टाकण्यात आले व १६३२ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. १६८९ च्या हक्कांच्या सनदेने संसदेतील भाषण व कामकाज यांवर कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही, असे निश्चित केले. येथे संरक्षण मिळाले ते सभासदाच्या शब्दाला, आणि तेही सत्ताधीशाच्या रोषापासून. सभासदाच्या खाजगी गुन्ह्याशी या संरक्षणाचा संबंध नव्हता.

भारतीय संविधानाने हेच तत्त्व स्वीकारले. संसदेसाठी अनुच्छेद १०५ आणि राज्य विधिमंडळासाठी अनुच्छेद १९४ यांत सभागृहातील भाषणस्वातंत्र्य दिलेले आहे. तसेच सभागृहात केलेले भाषण अथवा दिलेले मत यांबद्दल सदस्यावर कोणत्याही न्यायालयात कार्यवाही करता येणार नाही, अशी तरतूद आहे. राष्ट्रपती व राज्यपाल यांना अनुच्छेद ३६१ अन्वये पदावर असेपर्यंत फौजदारी कार्यवाहीपासून जे व्यापक संरक्षण मिळते, ते आमदार-खासदारांना संविधानाने दिलेले नाही. अनेकदा या दोन तरतुदींची गल्लत होते आणि गैरसमजाचे एक मूळ येथेच आहे.

अटकेपासून संरक्षण : कायदा काय सांगतो?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३५-अ नुसार अधिवेशनकाळात तसेच त्यापूर्वी व त्यानंतर ४० दिवसांपर्यंत सदस्याला दिवाणी आदेशिकेखाली अटक करता येत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी व प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेसाठी मात्र असे संरक्षण नाही. के. आनंदन नंबियार प्रकरणी १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. फौजदारी प्रकरणात पोलिसांवर दोन मर्यादा येतात. पहिली, अटक, शिक्षा वा सुटका यांची माहिती सभागृहाच्या अध्यक्षांना अथवा सभापतींना विनाविलंब कळवावी लागते. दुसरी, विधानभवनाच्या परिसरात पीठासीन अधिकाऱ्यांच्या अनुमतीविना अटक करता येत नाही. पहिल्या बाबतीत 'कळविणे' अपेक्षित आहे, 'विचारणे' नव्हे. विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर या एका क्रियापदाच्या फरकात सामावलेले आहे.

ठाणे जिल्ह्यातील तीन प्रसंग हा फरक स्पष्ट करतात. हिललाईन प्रकरणातील आमदार तेव्हा सत्ताधारी पक्षाचे होते, तरीही अध्यक्षांच्या पूर्वपरवानगीचा प्रश्न उद्भवला नाही. दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०२१ चा. ठाण्यातील एका अभियंत्याला एप्रिल २०२० मध्ये झालेल्या कथित मारहाणीच्या प्रकरणी मुंब्रा-कळव्याचे आमदार जितेंद्र आव्हाड यांना वर्तकनगर पोलिसांनी अटक केली व न्यायालयाने त्यांची जामिनावर मुक्तता केली. त्यावेळी ते राज्याचे गृहनिर्माणमंत्री होते. म्हणजेच मंत्रिपददेखील कायद्याने अटकेच्या आड येत नाही.

तिसरा प्रसंग मार्च २०१३ चा आहे. विधानभवनाच्याच परिसरात एका वाहतूक पोलिस अधिकाऱ्याला मारहाण झाली. या प्रकरणी नालासोपाऱ्याचे क्षितिज ठाकूर (हा मतदारसंघ तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता) आणि घाटकोपरचे राम कदम या आमदारांना मुंबई पोलिसांनी अटक केली. सभागृहाने पाच आमदारांना निलंबितही केले. घटना विधानभवनाच्या आवारात घडली म्हणून तिला 'कामकाजा'चे स्वरूप प्राप्त होत नाही, हे यातून दिसते. पुढे केरळ विधानसभेतील २०१५ च्या मोडतोडीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२१ रोजी हेच तत्त्व अधिक ठामपणे मांडले. सभागृहातील मालमत्तेची नासधूस हे विधायक कार्य नव्हे. त्यास विशेषाधिकाराचे कवच मिळू शकत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे.

मत, लाच आणि बदललेला कायदा

विशेषाधिकाराची खरी कसोटी मारहाण वा गोळीबार यांसारख्या प्रकरणांत लागत नाही. ती सभागृहातील मत आणि त्यासाठी घेतलेली लाच यांच्या संबंधात लागते. पी. व्ही. नरसिंह राव प्रकरणी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने निर्णय दिला. त्यानुसार लाच घेऊन ठरल्याप्रमाणे मतदान करणाऱ्या खासदारांना अनुच्छेद १०५ चे संरक्षण मिळाले. लाच देणाऱ्यांना ते मिळाले नाही. लाच घेऊन मतदानच न करणारा सदस्य मात्र संरक्षणाबाहेर राहिला. लाचखोरीचा करार पाळणारा सुरक्षित आणि न पाळणारा दोषी, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली.

ही विसंगती दूर होण्यास २६ वर्षे लागली. सीता सोरेन प्रकरणी सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ४ मार्च २०२४ रोजी १९९८ चा निर्णय एकमताने रद्दबातल ठरविला. लाच स्वीकारताच गुन्हा पूर्ण होतो. त्यानंतर मत कोणाला दिले हा प्रश्न गौण आहे, असे न्यायालयाने म्हटले. राज्यसभेच्या निवडणुकीतील मतदानालाही हाच निकष लागू होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रूस्टर प्रकरणात १९७२ मध्येच अशी भूमिका घेतली होती. ब्रिटनमध्येही खोट्या खर्चाच्या दाव्यांबद्दल खटला भरलेल्या संसद सदस्यांचा विशेषाधिकाराचा बचाव तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमान्य केला.

खटल्याच्या परवानगीचा प्रश्न

महाराष्ट्राने या संदर्भात देशाला एक महत्त्वाचा न्यायनिर्णय दिला आहे. माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याविरुद्ध रामदास नायक यांनी दाखल केलेल्या फिर्यादीत विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये आमदार हा लोकसेवक असल्याने पूर्वमंजुरी आवश्यक ठरविली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १६ फेब्रुवारी १९८४ रोजी हा निर्णय फिरविला. आमदार हा भारतीय दंड संहितेच्या कलम २१ मधील व्याख्येनुसार लोकसेवक नाही, म्हणून त्याच्यावर खटला भरण्यासाठी तशी मंजुरी लागत नाही, असे न्यायालयाने ठरविले. पुढे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाने व्याख्या विस्तृत केली. नरसिंह राव प्रकरणात लोकप्रतिनिधी या अधिनियमापुरते लोकसेवक मानले गेले व मंजुरी देणारे प्राधिकरण कायद्याने निश्चित होईपर्यंत पीठासीन अधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी, असे सुचविण्यात आले. अशा रीतीने एका दाराने गेलेली परवानगी भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांपुरती दुसऱ्या दाराने परत आली. पीठासीन अधिकारी बहुधा सत्ताधारी पक्षाचे असतात, हे लक्षात घेता या तरतुदीचा फेरविचार आवश्यक वाटतो.

कायद्यात नसलेले संरक्षण : विलंब

कायद्याने संरक्षण दिलेले नसतानाही ते असल्याचा समज का टिकून आहे? याचे उत्तर न्यायप्रक्रियेच्या गतीत आहे. उल्हासनगरचे माजी आमदार पप्पू कलानी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९० मधील एका खून खटल्यात कल्याण येथील सत्र न्यायालयाने त्यांना डिसेंबर २०१३ मध्ये जन्मठेपेची शिक्षा सुनावली. गुन्हा आणि शिक्षा यांमध्ये २३ वर्षांचे अंतर पडले. मधल्या काळात टाडाखाली कारावासात असताना त्यांनी विधानसभेची निवडणूक जिंकली. कोणत्याही अनुच्छेदाने त्यांना संरक्षण दिलेले नव्हते. परंतु मतदारांना जे दिसले ते एखाद्या संरक्षणापेक्षा फारसे वेगळे नव्हते.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ अन्वये दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाल्यास सदस्य अपात्र ठरतो. पूर्वी कलम ८(४) मुळे विद्यमान सदस्याला अपिलासाठी तीन महिन्यांची मुभा मिळे आणि अपील दाखल झाल्यास पद टिकून राही. लिली थॉमस प्रकरणी १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा घटनाबाह्य ठरविली. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक प्रकरणात सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा होताच त्यांची आमदारकी गेली, ती याच निर्णयामुळे. परंतु अपात्रतेचे हे शस्त्र दोषसिद्धीनंतरच चालते. खटलाच संपत नसेल, तर ते म्यानातच राहते.

विलंबाबरोबर खटले मागे घेण्याचा मार्गही विचारात घ्यावा लागतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ चा वापर करून सरकारे आपल्या सदस्यांवरील खटले मागे घेत असत. सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या परवानगीविना आमदार-खासदारांवरील खटले मागे घेण्यास मनाई केली. तसेच ९ नोव्हेंबर २०२३ रोजी अशा खटल्यांच्या प्रगतीवर देखरेख ठेवण्याचे निर्देश सर्व उच्च न्यायालयांना दिले. हिललाईनसारख्या प्रकरणांची खरी परीक्षा यापुढे आहे. अटक तातडीने झाली. निकालही वाजवी मुदतीत लागतो काय, हे महत्त्वाचे ठरेल.

तुरुंगातील मताचा प्रश्न

कोठडीतील सदस्याच्या मताबाबत कायद्यात अद्याप एकवाक्यता दिसत नाही. जून २०२२ मध्ये अनिल देशमुख व नवाब मलिक यांना विधान परिषद निवडणुकीत मतदान करण्याची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बहुमत चाचणीसाठी सभागृहात उपस्थित राहण्याची मुभा दिली. मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्यामुळे ती चाचणी झाली नाही. १२ जुलै २०२४ रोजीच्या विधान परिषद निवडणुकीत मात्र गणपत गायकवाड यांनी कोठडीतून येऊन मतदान केले. त्यास काँग्रेसने घेतलेली हरकत टिकली नाही. एकाच प्रकारच्या निवडणुकीत दोन वर्षांच्या अंतराने दोन वेगळी फलिते मिळणे इष्ट नाही. अशा बाबी कायद्याने निश्चित व्हाव्यात.

संरक्षणाच्या बाजूचा युक्तिवाद

संरक्षण असावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा दुर्लक्षणीय नाही. पोलिस यंत्रणा सरकारच्या हाती असते आणि विरोधी सदस्याला ऐन मतदानाच्या वेळी गजाआड करणे अशक्य नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठाण्यातील चित्रपटगृहातील एका खेळात अडथळा आणल्याच्या प्रकरणी विरोधी बाकांवरील आव्हाड यांना पुन्हा अटक झाली, तेव्हा ही कारवाई राजकीय असल्याची टीका झाली. जर्मनीच्या मूलभूत कायद्यातील अनुच्छेद ४६ या भीतीची दखल घेतो. तेथे सदस्य गुन्हा करतानाच अथवा दुसऱ्या दिवसापर्यंत पकडला गेला नसेल, तर कारवाईसाठी संसदेची संमती लागते. याउलट इटलीने भ्रष्टाचाराच्या मोठ्या प्रकरणांनंतर १९९३ मध्ये खटल्यासाठीच्या संमतीची अट काढून टाकली. सहकाऱ्यांच्या हाती किल्ली दिल्यास कुलूप क्वचितच उघडते, हा तेथील अनुभव होता.

राजकीय सूडबुद्धीचे भय खरे आहे. मात्र त्यावर सभागृहाच्या संमतीचा उपाय लागू पडत नाही. सभागृहातील बहुमत सरकारचेच असते. म्हणून अशा संमतीचे संरक्षण सत्ताधारी सदस्याला मिळेल आणि ज्याला त्याची खरी गरज आहे, तो विरोधी सदस्य उघडाच राहील. सूडाच्या अटकेवर स्वतंत्र न्यायालय आणि जामिनाचा तत्पर निर्णय हाच परिणामकारक उपाय आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) भारतीय कायद्याने लोकप्रतिनिधींना सामान्य फौजदारी गुन्ह्यांपासून संरक्षण दिलेले नाही, सभागृहातील शब्द व मत एवढ्यांपुरतेच ते आहे आणि तेवढेच असावे.

२) सीता सोरेन निर्णयानंतर या संरक्षणाची मर्यादा त्याच्या मूळ हेतूशी सुसंगत झाली आहे.

३) समाजाला दिसणारे संरक्षण हे विलंब, परवानगी आणि माघार यांतून निर्माण होते. म्हणून सुधारणेचा रोख विशेषाधिकारापेक्षा खटल्यांच्या कालमर्यादेवर असावा.

४) अनुच्छेद १९४(३) अन्वये विशेषाधिकारांचे संहितीकरण अपेक्षित असूनही ते झालेले नाही. कोठडीतील सदस्याचे मतदान आणि खटल्याची मंजुरी हे विषय तरी कायद्याने स्पष्ट करावेत.

आमदाराला अटक करता येते काय, या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. परंतु त्या पाठोपाठ 'मग निकाल कधी लागतो?' असा प्रश्न येतो आणि तेथे शिक्षकाला थांबावे लागते. कायद्यापुढील समानतेचे तत्त्व वर्गात विश्वासाने शिकवायचे असेल, तर या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न्यायव्यवस्थेने आणि विधिमंडळाने मिळून द्यावयास हवे.