पूर्वविवर्धकातील निर्वात नलिकांची अदलाबदल व तुलना

जव्हार तालुक्यातील वावर या गावी, किंवा शेजारच्या मोखाडे तालुक्यात, तारप्याचे ध्वनिमुद्रण करावयाचे असे मानू. वाळलेला दुधी भोपळा, दोन नळ्या व ताडाच्या पानांचा भोंगा यांनी बनलेल्या या वाद्याचा स्वर अखंड चालतो आणि उपस्वरांनी भरलेला असतो. ते मुद्रण नंतर उत्तम प्रतीच्या पूर्वविवर्धकातून ऐकताना एक नलिका काढून दुसरी बसविली, तर श्रोता म्हणतो, “आता स्वर अधिक खुलला.” हा फरक नलिकेचा, आवाजाच्या पातळीचा की केवळ अपेक्षेचा, हे ठरविल्यावाचून त्या विधानास शास्त्रीय मूल्य येत नाही.

पूर्वविवर्धकात सामान्यतः ईसीसी ८३ ही जोड-ट्रायोड नलिका योजितात. तिचा विवर्धनांक सुमारे १०० व अंतर्गत रोध सुमारे ६२·५ किलोओहम असतो. धनाग्राच्या परिपथात १०० किलोओहमचा रोध असल्यास, आणि पुढील टप्प्याचा भार उपेक्षिल्यास, प्रत्यक्ष विवर्धन १०० × १०० ÷ १६२·५, म्हणजे सुमारे ६१ पट येते. याच बैठकीत ईसीसी ८२ (विवर्धनांक १७, अंतर्गत रोध सुमारे ७·७ किलोओहम) बसविल्यास विवर्धन सुमारे १६ पटच राहते. पातळी जवळजवळ १२ डेसिबेलांनी घसरते आणि ऋणाग्राकडील रोध तोच राहिल्याने कार्यबिंदूही ढळतो. यास नलिकांची तुलना म्हणता येत नाही. हा दोन निरनिराळ्या परिपथांचा प्रयोग होय.

बैठक सारखी असली म्हणजे नलिका परस्परांऐवजी चालते, असेही नाही. ईसीसी ८३ मध्ये तापकाची टोके ४ व ५ या पिनांवर आणि मध्यबिंदू ९ वर असतो. ईसीसी ८८ मध्ये ६·३ व्होल्टांचा तापक ४ व ५ यांमध्ये असून ९ ही पिन आवरणाची असते. म्हणून ४ व ५ यांस १२·६ व्होल्ट देणाऱ्या यंत्रात ईसीसी ८८ चा तापक दुप्पट दाबाखाली येतो; ४ व ५ जोडून ९ शी ६·३ व्होल्ट देणाऱ्या यंत्रात तो तापतच नाही. शिवाय ईसीसी ८८ चे धनाग्र १३० व्होल्टांच्या मर्यादेचे असते, तर ईसीसी ८३ च्या परिपथात पुरवठा बहुधा २५० ते ३०० व्होल्टांचा असतो.

हा दाब जीवघेणा आहे. यंत्र बंद केल्यावरही धारित्रांत विद्युतभार उरतो. म्हणून प्लग काढून, नलिका थंड होऊ देऊन, यंत्र उघडावयाचे असल्यास धारित्रांवरील दाब मोजूनच हात घालावा. नलिका सरळ वर ओढावी. डुलवून काढल्यास पिना वाकतात व काच तडकते. माथ्यावरचा चंदेरी थर पांढरा पडला असल्यास आत हवा शिरली आहे असे समजावे व ती नलिका टाकून द्यावी.

एकाच जातीच्या दोन नलिकांतही भेद असतो. अंतर्गत रोध समान मानून एकीचा विवर्धनांक १०० व दुसरीचा ९० असेल, तर पातळीत ०·९ डेसिबेलचा फरक पडतो. तो ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवेलच असे नाही. पुष्कळदा तो ‘स्पष्टता’ म्हणून जाणवतो. यास्तव प्रथम १,००० हर्ट्झचा स्वर देऊन दोहोंची पातळी ०·१ डेसिबेलच्या आत जुळवावी. पहिल्या टप्प्यातील नलिकेची खरखर पुढील सर्व टप्प्यांत वाढत जाते, म्हणून निवडीची काळजी तेथेच सर्वांत अधिक घ्यावी. काचेवर हलकी टिचकी मारल्यास ध्वनिवर्धकातून घंटेसारखा नाद आला, तर ती नलिका तेथे निरुपयोगी होय.

आता तारप्याकडे वळू. उपस्वर विपुल असल्याने नलिकेने भर घातलेला द्वितीय उपस्वर मूळच्या उपस्वरांत लपतो, तर अखंड नादामुळे खरखर झाकली जाते. तथापि दोन स्वर एकत्र चालले की नलिकेची वक्रता उघड होते. उदाहरणार्थ, ३०० व ४३० हर्ट्झच्या स्वरांपासून १३० व ७३० हर्ट्झचे नवे स्वर उपजतात, आणि ते मूळ वाद्याचे नसतात. म्हणून विरूपण दोन स्वरांनी तपासावे व खरखर वादन थांबल्यानंतरच्या निःशब्दतेत ऐकावी.

अखेरची कसोटी श्रोत्याची. कोणती नलिका बसविली आहे हे त्यास, आणि शक्यतो त्याच्यासमोर असणाऱ्यासही, ठाऊक नसावे. दहा फेऱ्यांत आठ किंवा अधिक उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येण्याचा संभव ५६/१,०२४, म्हणजे सुमारे ५·५ टक्के असतो; नऊ किंवा अधिकांचा ११/१,०२४, म्हणजे सुमारे १ टक्का. फेऱ्यांची संख्या व उत्तीर्णतेची अट प्रयोगापूर्वीच लिहून ठेवावी.

१९५४ साली बंगलोर येथे स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या नलिका आज जुन्या साठ्यांतूनच मिळतात, व जुन्या विदेशी नलिकांना मोठी किंमत मोजावी लागते. अशा वेळी वरील कसोटी खिशाचे रक्षण करते, हा तिचा गौण लाभ होय. मुख्य लाभ असा की, तारप्याचा म्हणून जो स्वर नोंदला व अभ्यासला जाईल तो तारप्याचाच असेल, नलिकेचा नव्हे.