वाढणारा हात, खाणारा हात

आमच्या सांडोरला वजन वाढलं की खापर फोडायला जागा पुष्कळ. लग्नघरचा आग्रह, घरच्या हातची चव, नाहीतर ‘आमच्या घराण्यातच आहे’. आनुवंशिकता असते, हे खरं. पण वाढणारा हात दुसऱ्याचा असला तरी खाणारा हात आपलाच असतो.

चहाचंच घ्या. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी साखर अधिक हिताची म्हटली आहे. आपल्या वसईची सुकेळी तर फसवतातच. राजेळी केळं सुकलं की पाणी जातं, साखर राहते. चार केळी एका बैठकीत कोणी खात नाही. चार सुकेळी गप्पांत सहज संपतात!

ईस्टरआधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस मटण सोडणारी माणसं मी दरवर्षी पाहतो. तेवढा निग्रह अंगात आहे, तर तो चहाच्या कपापर्यंत का पोचू नये?

आठवडाभर तोंडात गेलेलं सगळं वहीत लिहा, मुलाच्या ताटातला उरलेला घाससुद्धा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर खाणं कमी करण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा.