सरासरी स्थिरावली, मग सिक्वेन्स का नाही?

सिक्वेन्स कन्व्हर्ज होत असेल तर तिच्या पहिल्या न पदांची सरासरीही त्याच लिमिटकडे जाते, हे बीएस्सीला आपण सगळ्यांनी सोडवलेलं असतं. उलट मात्र खरं नाही. १, ०, १, ०... ची सरासरी १/२ कडे जाते, सिक्वेन्स कुठेच जात नाही. परीक्षेपुरतं इथे थांबता येतं. रिसर्चचा प्रश्न मात्र इथून सुरू होतो: कोणती अट घातली की उलटही खरं होईल?

सिक्वेन्स मोनोटोन असेल तर काम सोपं, पण ही अट फारच कडक. मग लागोपाठच्या पदांतला फरक शून्याकडे जातोय, एवढं पुरेल का? नाही. साइन(√न) बघा. फरक १/√न च्या घरात, म्हणजे शून्याकडे जाणारा. सरासरीही शून्याकडे जाते. तरी सिक्वेन्स −१ आणि १ च्या मध्ये कायम हेलकावे खाते.

नेमकी रेषा हार्डीने १९१० मध्ये दाखवली: न-व्या पदापाशी फरक जास्तीत जास्त क/न असेल (क हा ठरलेला आकडा), तर सरासरी कन्व्हर्ज झाली की सिक्वेन्सही होते.

हे १/न कुठून आलं? क = १ घेऊ आणि सरासरीची लिमिट ० धरू. समजा, सिक्वेन्स पुन्हा पुन्हा १/५ च्या वर जाते. अशा एका मोठ्या न पासून पुढची न/१० पदं बघा. प्रत्येक पावलाला घसरण जास्तीत जास्त १/न, म्हणून एकूण घसरण १/१० पेक्षा जास्त नाही. म्हणजे ही सगळी पदं निदान १/१० आहेत आणि त्यांची बेरीज निदान न/१०० आहे. पण सरासरी शून्याजवळ असेल, तर न पर्यंतची आणि १.१न पर्यंतची, दोन्ही बेरजा न च्या मानाने नगण्य हव्यात. मग त्यांच्यातला फरक न/१०० कसा असेल? विसंगती! −१/५ च्या खाली गेली तरी हेच.

मुद्दा असा: १/न मुळे फुगवटा न च्या प्रमाणात लांब टिकतो, आणि तेवढा लांब फुगवटा सरासरीला लपवता येत नाही. साइन(√न) चे फुगवटे √न एवढेच लांब, म्हणून ते लपतात. आता साइन(लॉग न) घ्या. तिथे अट पाळली जाते, पण सिक्वेन्स कन्व्हर्ज होत नाही. म्हणजे तिची सरासरीही होणार नाही, हे हिशेब न करताच कळलं.

अशा उलट प्रमेयांना टाउबेरियन म्हणतात. टाउबरने १८९७ मध्ये आबेलच्या प्रमेयाचं असं उलट रूप सिद्ध केलं, त्यावरून हे नाव. अविभाज्य संख्यांच्या प्रमेयाची एक सिद्धताही याच वाटेने जाते.

करून बघा: पूर्णवर्ग क्रमांकांवर १, बाकी सगळीकडे ०. सरासरी कुठे जाते, आणि हार्डीची अट कुठे मोडते?