एकाच कुशीतली दोन बाळं, एकाच्या पायाला प्लास्टर

सहेरीच्या वेळी हिवरखेडच्या एखाद्या घरात दिवा रोजच्यापेक्षा आधी लागलेला असेल, तर तो दर वेळी स्वयंपाकासाठीच असतो असं नाही. घरात जुळी तान्ही असतील आणि त्यातल्या एकाचा पाय जन्मतः आत वळलेला असेल, तर त्या घराची सहेरी निराळीच असते.

वळलेल्या या पायाला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. हजार बाळांमागे साधारण एकाला तो असतो आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतो. असं बाळ जन्मलं की घरात पहिला सवाल आईलाच होतो. ग्रहणात बाहेर गेली होतीस का? काही कापलं होतंस का? या बाबतीत हिंदू घर आणि मुसलमान घर यांत फरक नाही. पण जुळ्यांनी त्याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. कूस एक, ग्रहण एक, आई एक. मग एकाचा पाय वाकडा आणि दुसऱ्याचा सरळ कसा? एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतही बहुतेक वेळा एकालाच हा दोष असतो. आईची चूक असती, तर दोघांनाही तो झाला असता.

मालीश करून हा पाय सरळ होत नाही. त्यासाठी पोन्सेटी पद्धत आहे. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी मूळचे स्पेनचे. त्यांनी ती अमेरिकेत आयोवा विद्यापीठात विकसित केली. दर आठवड्याला पाय हलक्या हाताने थोडा वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं होतात. मग बहुतेक बाळांच्या टाचेमागची ताठ शीर छोटासा छेद देऊन सैल करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगितलं, की पुढची वाट कळते.

खरी ओढाताण घरात होते. दर आठवड्याला अकोट ओलांडून अकोल्याला जायचं. दोघंही अंगावर पिणारी, मग दुसऱ्याला ठेवायचं कुणाकडे? नेलं तर बसमध्ये दोन पोरं, पिशवी आणि डोक्यावर ऊन. अशा वेळी शेजारची काकू म्हणते, ‘‘माह्याजवळ दे बाई एक, तू दुसऱ्याले घेऊन जा.’’ दूध काढून वाटीत ठेवलेलं असलं, तर चमच्याने पाजता येतं.

प्लास्टर भिजू द्यायचं नाही, त्यामुळे एकाला न्हाऊ घालायचं आणि दुसऱ्याचं अंग ओल्या फडक्याने पुसायचं. पाजताना प्लास्टरच्या पायाखाली उशी हवी. बोटं निळी, पांढरी किंवा थंड पडली, सुजली किंवा प्लास्टरमध्ये आत गेलेली दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आणि हो, धडधाकट बाळ गप्प पडून राहतं म्हणून त्याला कमी उचललं जातं. हे घरोघरी होतं. दादीने किंवा फुफीने त्याला मुद्दाम मांडीवर घ्यावं.

आईच्या रोज्याचं काय? बाळंतपणाचा रक्तस्राव थांबेपर्यंत रोजा नाहीच. हनफी मतानुसार हा काळ जास्तीत जास्त चाळीस दिवसांचा. त्यानंतरही रोज्याने आपल्याला किंवा बाळाला त्रास होईल असं वाटत असेल, तर पाजणाऱ्या आईला सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर कजा करता येतात. घरातल्या मोठ्यांनी ‘‘तू खा, बेटी’’ म्हणावं. दोघांना पाजणारीला दोघांपुरतं खायला लागतं आणि पाणीही भरपूर प्यावं लागतं.

प्लास्टर निघालं की सारे सुटकेचा श्वास टाकतात, आणि घोटाळा तिथेच होतो. पुढे दांडी जोडलेले बूट असतात. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग झोपेच्या वेळी, चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. दोष एकाच पायात असला तरी बूट दोन्ही पायांत. पाय सरळ दिसतो, पोर रडतं, म्हणून बूट माळ्यावर जातात आणि पाय पुन्हा वळतो. ईदला तर मोह जास्तच. पाहुणे येणार, फोटो निघणार, एका भावाच्या पायात मोजडी आणि दुसऱ्याच्या पायात दांडी. चोवीसपैकी एक तास मोकळा असतोच. तो त्या दिवशी पाहुण्यांच्या वेळी घ्यावा, आणि झबलं खालून उघडं शिवावं, म्हणजे ते दांडीवरून सहज चढतं.